चित्रपट-ध्वनिमुद्रिकांचे परिभ्रमण वेग

चित्रपटातील ध्वनी फिल्मवर मुद्रित न करता स्वतंत्र तबकडीवर मुद्रित करून तो चित्राच्या जोडीने ऐकविण्याची पद्धती विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत प्रचारात होती. अशा तबकडीला चित्रपट-ध्वनिमुद्रिका म्हणता येईल. ती दर मिनिटाला किती फेरे घेते, यावर ध्वनीची तारता (स्वराची उंची), चित्र व ध्वनी यांचा मेळ आणि एका तबकडीवर मावणाऱ्या ध्वनीचा कालावधी या तीनही गोष्टी अवलंबून असतात. १९२६ साली अमेरिकेत व्हिटाफोन पद्धतीत मिनिटाला ३३ १/३ फेरे हा वेग निश्चित करण्यात आला. चित्रपटसृष्टीतून तबकडी लवकरच नाहीशी झाली. परंतु हा वेग पुढे दीर्घवादन ध्वनिमुद्रिकांनी स्वीकारला आणि तो अद्यापि रूढ आहे.

मूलभूत संकल्पना : तबकडी ठराविक कोनीय वेगाने फिरते, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला लागणारा वेळ सारखा असतो. तथापि सुईखालून सरकणाऱ्या खाचेचा रेषीय वेग मात्र सर्वत्र सारखा नसतो. तो तबकडीच्या कडेजवळ सर्वाधिक व मध्याजवळ सर्वांत कमी असतो. एखाद्या ध्वनितरंगाने खाचेची किती लांबी व्यापावी, हे या रेषीय वेगावर ठरते. वेग कमी असेल, तर उच्च कंप्रतेचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येचे) तरंग खाचेत दाटीने बसतात, सुईच्या टोकाला त्यांचा मागोवा घेता येत नाही व आवाज बोजड आणि अस्पष्ट होतो. म्हणून तबकडीचा वेग हवा तितका कमी करता येत नाही. उलट तो वाढविल्यास खाचा लवकर संपतात व वादनकाल घटतो. परिभ्रमण वेगाची निवड ही या दोन टोकांमधील तडजोड असते.

चित्रपटाच्या बाबतीत आणखी एक अट येऊन मिळते. ध्वनिमुद्रिका नुसती ऐकताना वेगात एक टक्क्याची चूक झाली, तर स्वर सु. एकषष्ठांश अर्धस्वराने सरकतो. सामान्य श्रोत्याच्या ते लक्षातही येत नाही. चित्रपटात मात्र तीच चूक घातक ठरते. अकरा मिनिटांच्या रिळाच्या अखेरीस ध्वनी चित्राच्या सु. साडेसहा सेकंद पुढे वा मागे गेलेला असतो. नायकाचे वाक्य नायिकेच्या तोंडी जाते. ओठांची हालचाल व शब्द यांतील दोन-तीन चौकटींचा, म्हणजे सेकंदाच्या सु. दशांशाचा, फरकही प्रेक्षकाला खटकतो. अकरा मिनिटांपर्यंत एवढा मेळ राखावयाचा, तर वेगाची अचूकता सु. आठ हजारांत एक इतकी हवी. प्रक्षेपक व तबकडी स्वतंत्र चलित्रांवर (मोटरींवर) चालवून त्या काळी ही अचूकता साधणे अशक्यप्राय होते. यावरून दोन गरजा वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात : (१) चित्र व तबकडी यांच्या वेगांचे परस्परप्रमाण अढळ असणे, कारण त्यावर मेळ अवलंबून असतो; व (२) दोहोंचा प्रत्यक्ष वेग ठरलेल्या मानाइतका असणे, कारण त्यावर स्वराची उंची अवलंबून असते. पहिली गरज यांत्रिक जोडणीने भागते. दुसरीसाठी वेगनियंत्रणाची आवश्यकता असते.

पूर्वेतिहास : टॉमस आल्वा एडिसन (१८४७–१९३१) यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफचा शोध लावला. हलती चित्रे व हे यंत्र यांचा संयोग करण्याची कल्पना त्यांच्यापुढे प्रारंभापासून होती. १८९५ मधील त्यांच्या कायनेटोफोन या उपकरणात एकाच प्रेक्षकाने डोकावून पाहावयाच्या पेटीत दंडगोल ध्वनिमुद्रिका बसविलेली असे; परंतु चित्र व ध्वनी यांचा काटेकोर मेळ त्यात नव्हता. १९१३ मध्ये याच नावाने त्यांनी पडद्यावरील चित्रांसाठी नवी योजना आणली. तीत फोनोग्राफ पडद्याजवळ व प्रक्षेपक प्रेक्षागृहाच्या मागील बाजूस असून दोहोंना जोडणारी लांबलचक दोरी कप्प्यांवरून नेलेली असे. दोरी ताणली वा घसरली, की मेळ बिघडे. फ्रान्समध्ये लेआँ गोमाँ (१८६४–१९४६) यांनी १९०२ मध्ये क्रोनोफोन या तबकडी-पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखविले. आवाज मोठा करण्यासाठी त्यांनी पुढे दाबाखालील हवेचा उपयोग केला. जर्मनीत ओस्कार मेस्टर (१८६६–१९४३) यांनी १९०३ च्या सुमारास बायोफोन पद्धती प्रचारात आणली. या सर्व पद्धतींत नेहमीच्या ग्रामोफोनसारख्या तबकड्या वापरीत असल्यामुळे वादनकाल तीन-चार मिनिटांपलीकडे जात नसे. त्यामुळे एखादे गाणे वा छोटा प्रवेश यापुरताच त्यांचा उपयोग होई.

त्या काळात ग्रामोफोनचे वेगही एकसारखे नव्हते. ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपन्यांचे वेग मिनिटाला सु. ७० ते ८० फेऱ्यांच्या दरम्यान बदलत. फ्रान्समधील पाते कंपनीच्या तबकड्या याहूनही जलद फिरत व त्यांतील काही मध्यापासून कडेकडे वाजविल्या जात. भारतात १९०२ मध्ये एफ्. डब्ल्यू. गायझबर्ग यांनी कलकत्त्यास गौहर जान इ. कलावंतांचे जे पहिले ध्वनिमुद्रण केले, ते याच अनिश्चित वेगांच्या काळातील होय. ७८ हे मान विद्युत् चलित्रांच्या प्रसाराबरोबर स्थिरावले. ६० हर्ट्झ कंप्रतेच्या विद्युत् पुरवठ्यावर मिनिटाला ३,६०० फेरे घेणाऱ्या चलित्राचा वेग ४६ पटींनी कमी केला, की ७८.२६ फेरे मिळतात. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर वेग तपासण्याच्या पट्टेदार चकतीवर ७७ पट्टे घेतल्यास ७७.९२ हा वेग येतो. म्हणजे ‘७८’ हा आकडा दोन जवळजवळच्या मानांचे सोयीचे नाव होते.

मूकपटांचा वेग : चित्राच्या बाजूनेही निश्चित मान नव्हते. मूकपटांचे चित्रण कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवून करीत. सेकंदाला १६ चौकटी, म्हणजे मिनिटाला ६० फूट फिल्म, हे नाममात्र मान होते. प्रत्यक्षात चित्रण व प्रक्षेपण दोन्ही त्याहून जलद होत. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचा राजा हरिश्चंद्र (१९१३) सु. ३,७०० फूट लांबीचा होता. सेकंदाला १६ चौकटी या वेगाने तो सु. ६२ मिनिटे चालतो, तर २४ चौकटींच्या वेगाने केवळ ४१ मिनिटांत संपतो. मूकपटाला ध्वनीचे बंधन नसल्याने प्रक्षेपक चालविणाऱ्याने वेग कमी-अधिक केला तरी चाले. खेळांची संख्या वाढविण्यासाठी तो पुष्कळदा वाढवीतही. पडद्याशेजारी बसून पेटी-तबला वाजविणारे वादक चित्राच्या गतीशी जुळवून घेत. तबकडी मात्र असे जुळवून घेऊ शकत नव्हती. म्हणून बोलपटाच्या आगमनाबरोबर चित्राचा वेगही कायमचा बांधला गेला.

व्हिटाफोन पद्धती : अमेरिकेतील बेल दूरध्वनी संस्थेच्या प्रयोगशाळेत जे. पी. मॅक्सफील्ड व एच्. सी. हॅरिसन यांनी १९२४–२५ च्या सुमारास विद्युत् ध्वनिमुद्रणाची पद्धती परिपूर्ण केली. ध्वनिग्राहक, निर्वात नलिकांचे विवर्धक व ध्वनिक्षेपक यांच्या साहाय्याने मोठे प्रेक्षागृह भरून टाकणारा आवाज प्रथमच शक्य झाला. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने या तंत्रावर आधारलेली चित्रपट-पद्धती तयार केली व वॉर्नर ब्रदर्स या निर्मितिसंस्थेने १९२६ मध्ये तिच्यासाठी व्हिटाफोन ही कंपनी स्थापन केली. ६ ऑगस्ट १९२६ रोजी न्यूयॉर्क येथे डॉन वान हा चित्रपट या पद्धतीने दाखविण्यात आला. त्यात संगीत व काही ध्वनी होते, संवाद नव्हते. ६ ऑक्टोबर १९२७ रोजी प्रदर्शित झालेल्या द जॅझ सिंगर या चित्रपटात गाणी व थोडे बोलणे होते. १९२८ मधील लाइट्स ऑफ न्यूयॉर्क हा पहिला संपूर्ण संवादयुक्त दीर्घ चित्रपट होय. हे तीनही चित्रपट तबकडी-पद्धतीचे होते.

वेगाची निवड : ३३ १/३ या वरवर विचित्र दिसणाऱ्या आकड्याचे मूळ चित्रपटाच्या रिळात आहे. त्या काळी एका रिळात सु. १,००० फूट (३०५ मी.) फिल्म मावत असे. चांगल्या चित्रपटगृहांतील तत्कालीन प्रक्षेपणाचा वेग मिनिटाला ८० ते ९० फुटांच्या आसपास होता. त्यावरून मिनिटाला ९० फूट, म्हणजे सेकंदाला २४ चौकटी, हे मान ठरविण्यात आले. या वेगाने एक रीळ सु. ११ मिनिटे चालते. तबकडी मध्येच बदलावी लागू नये, यासाठी एका रिळाचा सर्व ध्वनी तबकडीच्या एका बाजूवर बसविणे अगत्याचे होते.

तत्कालीन जाड खाचा एक सेंमी. रुंदीत सु. ३८ बसत. तबकडी ७८ फेऱ्यांच्या वेगाने फिरविली असती, तर ११ मिनिटांत तिचे ८६० हून अधिक फेरे झाले असते व केवळ खाचांनी त्रिज्येतील सु. २३ सेंमी. जागा व्यापली असती. मधला कोरा भाग धरता अशा तबकडीचा व्यास अर्ध्या मीटरहून बराच मोठा झाला असता. वेग ३३ १/३ वर आणल्यास पूर्ण रिळास सु. ३७० फेरे लागतात व खाचा त्रिज्येतील १० सेंमी.हून कमी जागेत मावतात. म्हणून तबकडीचा व्यास १६ इंच (सु. ४०.६ सेंमी.) ठेवण्यात आला. व्यास मोठा असल्यामुळे सर्वांत आतील खाचही मध्यापासून सु. १० सेंमी. अंतरावर राहते व तेथील रेषीय वेग सेकंदाला सु. ३५ सेंमी. भरतो. नेहमीच्या ७८ फेऱ्यांच्या १० इंची तबकडीच्या शेवटच्या खाचेत तो सु. ४० सेंमी. असतो. म्हणजे परिभ्रमण वेग निम्म्याहून कमी करूनही ध्वनीच्या गुणवत्तेत फारसे नुकसान झाले नाही. वेग आणखी निम्मा केला असता, तर ५,००० हर्ट्झचा एक तरंग आतील खाचेत सु. ०.०३५ मिमी. लांबीत दाटला असता. सुईच्या टोकाची त्रिज्याच याच्या जवळजवळ दुप्पट असल्यामुळे तो वाचता आला नसता.

सुमारे ३३ फेरे योग्य, हे यावरून कळते. नेमका एकतृतीयांश मात्र दंतचक्रांच्या हिशोबातून आला. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या प्रक्षेपकाचे चलित्र मिनिटाला १,२०० फेरे घेई. हा वेग ३६ पटींनी कमी केला, की ३३ १/३ मिळतात. त्याच चलित्रापासून १०:३ या प्रमाणाने प्रक्षेपकातील १६ दात्यांचे दंतुर चक्र मिनिटाला ३६० फेरे घेई. एका चौकटीस चार छिद्रे असल्याने या चक्राच्या प्रत्येक फेऱ्यात चार चौकटी सरकतात व सेकंदाला २४ चौकटींचा वेग मिळतो. अशा रीतीने तबकडीच्या एका फेऱ्यात ४३.२ चौकटी, म्हणजे २.७ फूट फिल्म, प्रक्षेपकातून जाते. हे प्रमाण दात्यांनी बांधलेले असल्यामुळे चलित्र मंद वा जलद झाले, तरी मेळ ढळत नसे.

या आकड्याचा आणखी एक गुण आहे. विद्युत् दिव्याच्या प्रकाशात पट्टेदार चकतीने वेग तपासताना ३३ १/३ साठी ६० हर्ट्झवर २१६ व ५० हर्ट्झवर १८० असे पूर्णांकी पट्टे येतात. त्यामुळे ७८ च्या मानाप्रमाणे देशादेशांत त्याची दोन रूपे झाली नाहीत.

यांत्रिक रचना व प्रक्षेपण : तबकडीचे फिरते पीठ प्रक्षेपकाच्या मागील बाजूस त्याच चौकटीवर बसविलेले असे. दंतचक्रांच्या दात्यांमुळे निर्माण होणारी बारीक थरथर तबकडीपर्यंत पोहोचली, तर स्वर कापरा होतो. तिला अटकाव करण्यासाठी चलित्र व पीठ यांच्यामध्ये स्प्रिंगा व शामक यांचा यांत्रिक गाळक योजीत. पीठ जड ठेवल्यामुळेही वेगातील चढउतार कमी होत.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी मेणाच्या जाड वडीवर खाच कोरीत. तिच्यावर विद्युत् विलेपनाने धातूचा थर चढवून साचे तयार करीत व त्यांवरून लाखमिश्रित द्रव्याच्या तबकड्या दाबून काढीत. कॅमेरा व मुद्रणयंत्र यांची चलित्रे विद्युत् योजनेने एकमेकांशी जखडलेली असत. मेणावर एकदा कोरलेली खाच कापता वा जोडता येत नसल्याने संपूर्ण प्रवेश सलग मुद्रित करावा लागे. अनेक कॅमेरे एकाच वेळी चालवून दृश्यांतील वैविध्य साधीत.

तबकडी मध्यापासून कडेकडे वाजविली जाई. पोलादी सुई दर तबकडीस नवी बसवीत व वाजता वाजता तिचे टोक झिजे. आतील खाचांत तरंग दाटीने असल्याने तेथे टोकदार सुईची गरज असते. सुई बोथट होईपर्यंत ती बाहेरच्या, अधिक रेषीय वेगाच्या खाचांत पोहोचलेली असे. प्रारंभीच्या खाचेजवळ बाण कोरलेला असे. फिल्मवरील आरंभाची खूण प्रक्षेपकाच्या खिडकीत आणून व सुई बाणावर टेकवून यंत्र सुरू करीत. सुई ठेवण्यात फेऱ्याच्या दशांशाची चूक झाली, तरी ध्वनी चार चौकटींनी सरके. सुई उडून एक खाच ओलांडली गेली, तर १.८ सेकंदांचा, म्हणजे ४३ चौकटींचा फरक पडे व तो रीळ संपेपर्यंत टिके. फिल्म तुटल्यास खराब झालेल्या चौकटी नुसत्या काढून टाकता येत नसत. तितक्याच काळ्या चौकटी त्या जागी जोडाव्या लागत. तबकडी ठराविक वेळाच वाजवावयाची असे. किती वेळा वाजली, याची खूण करण्यासाठी तिच्यावरील कागदी चकतीवर चौकोन छापलेले असत.

मेळ साधण्यासाठीच्या या पिठाखेरीज अनेक चित्रपटगृहांत प्रक्षेपकाशी न जोडलेली साधी पिठेही असत. मूकपटांना पार्श्वसंगीत देण्यासाठी किंवा मध्यंतरात बाजारी ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका वाजविण्यासाठी त्यांचा उपयोग होई.

वेगातील दोष व त्यांचे परिणाम : मेळ साधला, तरी प्रत्यक्ष वेग चुकल्यास स्वर बदलतो. वेगात सु. सहा टक्के वाढ झाली, की स्वर अर्धस्वराने चढतो. ६० हर्ट्झसाठी बनविलेले समकालिक चलित्र ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर चालविल्यास त्याचा वेग पाचषष्ठांश होतो. चित्र २० चौकटींवर येते, तबकडी २७.८ फेऱ्यांवर येते व स्वर तीन अर्धस्वरांहून किंचित अधिक उतरतो. पांढरी चारमधील गायन पांढरी दोनमध्ये ऐकू येते. चित्र व ध्वनी यांचा मेळ मात्र तसाच राहत असल्यामुळे हा दोष पाहणाऱ्याला चटकन उमगत नाही. ५० हर्ट्झ कंप्रतेच्या देशांत, त्यांत भारतही येतो, त्यासाठी वेगळी दंतचक्रे वा स्वतंत्र वेगनियंत्रक वापरणे आवश्यक ठरे. ३३ १/३ ची तबकडी चुकून ७८ च्या पिठावर लावल्यास स्वर एका सप्तकाहून सु. तीन अर्धस्वर अधिक चढतो व बोलणे अनाकलनीय होते.

वेग सरासरीने बरोबर असूनही क्षणोक्षणी बदलत असेल, तर स्वर हेलकावतो. तबकडीचे छिद्र नेमके मध्यावर नसणे हे याचे नेहमीचे कारण होय. ३३ १/३ च्या तबकडीत हा हेलकावा दर १.८ सेकंदांनी येतो. पियानो, पेटी यांसारख्या स्थिर स्वराच्या वाद्यांत तो स्पष्ट जाणवतो; बोलण्यात तो खपून जातो.

ऱ्हास : तबकडी-पद्धतीच्या जोडीनेच फिल्मवर प्रकाशकीय रीतीने ध्वनी मुद्रित करण्याच्या पद्धती विकसित होत होत्या. त्यांत ध्वनिपट्ट चित्राशेजारी फिल्मवरच छापलेला असल्याने मेळ कायमचा साधला जातो. केवळ ध्वनिशीर्षाच्या जागेनुसार तो चित्राच्या सु. २० चौकटी पुढे ठेवावा लागतो. फिल्म तुटली, तरी चित्र व ध्वनी यांचा सारखाच भाग जातो. प्रारंभी तबकडीचा आवाज अधिक स्वच्छ होता व ध्वनिपट्टासाठी चित्राची रुंदी कमी करावी लागत नव्हती. परंतु संकलनाची सोय, वाहतुकीतील सुरक्षितता व प्रक्षेपणाचा सोपेपणा या बाबतींत प्रकाशकीय पद्धती सरस ठरली. १९३०–३१ च्या सुमारास वॉर्नर ब्रदर्सनेही तबकडीवरील मूळ ध्वनिमुद्रण थांबविले. जुनी यंत्रसामग्री असलेल्या चित्रपटगृहांना आणखी काही वर्षे तबकड्या पुरविल्या जात होत्या. सेकंदाला २४ चौकटी हे मान मात्र प्रकाशकीय पद्धतीनेही कायम ठेवले.

भारत व महाराष्ट्र : भारतीय बोलपटाचा जन्म तबकडी-पद्धती मागे पडत असताना झाला. अर्देशीर इराणी (१८८६–१९६९) यांच्या इंपीरियल कंपनीचा आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्यासाठी टॅनार पद्धतीचे यंत्र वापरण्यात आले. त्यात चित्र व ध्वनी एकाच वेळी एकाच फिल्मवर मुद्रित होत. प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात निर्माण केलेला व व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला अयोध्येचा राजा हा पहिला मराठी बोलपट ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्याचाही ध्वनी फिल्मवरच होता. प्रभातच्या ध्वनिमुद्रणाची धुरा विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. अशा रीतीने येथील निर्मात्यांना तबकडीच्या टप्प्यातून जावे लागले नाही.

येथील परिस्थितीला ही गोष्ट उपकारकच ठरली. मुंबईहून दूरच्या गावी, उदा., वऱ्हाडातील वाशिम वा कारंजा येथे, दहा रिळांचा तबकडी-चित्रपट पाठवावयाचा, तर सोबत दहा मोठ्या व ठिसूळ तबकड्या धाडाव्या लागल्या असत्या आणि वाटेत एक फुटली, तरी तेवढे रीळ मुके झाले असते. जत्रांतून तंबू ठोकणाऱ्या फिरत्या चित्रपटगृहांना प्रत्येक मुक्कामी फिरते पीठ समपातळीत बसविणे हेही जिकिरीचे झाले असते. तेल-एंजिनावरील जनित्राचा वेग हलला, तर ध्वनी फिल्मवर असला तरी स्वर चढतो वा उतरतो. मेळ मात्र सुटत नाही, एवढा मोठा फायदा होता.

मूकपट व बोलपट यांच्या वेगांतील तफावत येथेही जाणवली. फाळके यांचा सेतुबंधन (१९३२) हा चित्रपट मूकपट म्हणून तयार झाला व पुढे त्याला ध्वनी जोडण्यात आला. मूकपटाच्या वेगाने चित्रित केलेली दृश्ये २४ चौकटींच्या वेगाने दाखविल्यास हालचाली घाईच्या व झटकेदार दिसतात. जुने मूकपट हास्यास्पद वाटण्याचे हे प्रमुख कारण असून तो मूळ चित्रणाचा दोष नव्हे.

तबकडीचा भारतीय चित्रपटाशी खरा संबंध आला, तो बाजारी ध्वनिमुद्रिकांच्या द्वारा. बोलपटांतील गाणी लोकप्रिय झाल्यावर ती ७८ फेऱ्यांच्या १० इंची तबकड्यांवर विक्रीस येऊ लागली. या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. म्हणून सुरुवातीच्या काळात गाणे ग्रामोफोन कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात पुन्हा गाऊन घेत व त्यातील कडवी वा आलापी कमी करीत. चित्रपटातील गाणे व ध्वनिमुद्रिकेतील गाणे यांत आढळणाऱ्या फरकाचे मूळ अशा रीतीने तबकडीच्या वेगात आहे. भारतात ७८ च्या तबकड्यांचे उत्पादन १९७० च्या सुमारापर्यंत चालू होते.

नंतरचा वारसा : १६ इंची, ३३ १/३ फेऱ्यांच्या तबकड्या अमेरिकेतील नभोवाणी केंद्रांनी कार्यक्रमांच्या मुद्रणासाठी स्वीकारल्या. १९३१ मध्ये आर्सीए व्हिक्टर कंपनीने घरगुती वापरासाठी या वेगाच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. पण मंदीच्या काळात त्या खपल्या नाहीत. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने पीटर गोल्डमार्क (१९०६–७७) व त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेली सूक्ष्म खाचांची दीर्घवादन तबकडी बाजारात आणली. विनाइल द्रव्य, हलकी सुई व बारीक खाच यांमुळे १२ इंची तबकडीच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक ध्वनी मावू लागला. वेग मात्र चित्रपटाच्या तबकडीचाच राहिला. १९९३ मध्ये डीटीएस पद्धतीने प्रकाशीय तबकडीवरील अंकीय ध्वनी चित्रपटगृहांत आणला. तीत फिल्मवर छापलेल्या कालसंकेतानुसार संगणक ध्वनी उचलीत असल्याने तबकडीचा परिभ्रमण वेग मेळाच्या दृष्टीने गौण ठरला. फिल्मचा तुकडा गळाला, तरी ध्वनी आपोआप पुढच्या जागी येई.

जतन व वेगनिश्चिती : तबकडी-पद्धतीत चित्र व ध्वनी या दोन वेगळ्या वस्तू असल्यामुळे त्यांची ताटातूट झाली. अनेक व्हिटाफोन चित्रपटांची फिल्म उरली, पण तबकड्या हरवल्या. काहींच्या तबकड्या उरल्या व ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म नष्ट झाली. अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झालेल्या व्हिटाफोन प्रकल्पाने खाजगी संग्राहकांकडील तबकड्या शोधून संग्रहालयांतील मूक रिळांशी त्यांची जोडणी करण्याचे कार्य केले. आलम आराची एकही प्रत उपलब्ध नाही. त्याचा ध्वनी चित्राबरोबरच नाहीसा झाला. अयोध्येचा राजा मात्र चित्र व ध्वनी यांसह टिकून आहे. भारतीय चित्रपटांच्या जतनासाठी १९६४ मध्ये पुणे येथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले.

जुन्या ध्वनीचे अंकीय रूपांतर करताना मूळ वेग ठरविणे हे पहिले काम असते. चित्रपट-ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत फिल्मच्या चौकटींची संख्या हाच पुरावा असतो : चौकटींच्या संख्येला ४३.२ ने भागले, की तबकडीचे फेरे मिळतात. नुसत्या ग्रामोफोन तबकडीला असा आधार नसतो. तेथे साथीच्या पेटीचा वा ऑर्गनचा स्वर उपयोगी पडतो. वाजणारा षड्‌ज पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे पडत असेल, तर वेग संशयास्पद समजावा. मात्र ही कसोटी निर्णायक नव्हे. त्या काळच्या पेट्या एकाच प्रमाण-स्वरात जुळविलेल्या नसत आणि पूर्ण अर्धस्वराची चूक, म्हणजे वेगातील सहा टक्क्यांचा फरक, या रीतीने पकडला जात नाही. अशा वेळी गायकाची नेहमीची पट्टी, त्याच सत्रातील इतर तबकड्या व विद्युत् पुरवठ्याच्या गुणगुणीची कंप्रता यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

दूरचित्रवाणीनेही हा प्रश्न नव्याने निर्माण केला. भारतात चित्रवाणीचे मान सेकंदाला २५ चौकटी असल्याने २४ चौकटींचा चित्रपट काहीसा जलद चालवून दाखविण्याची प्रथा पडली. त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो व सर्व स्वर सु. पाऊण अर्धस्वराने चढतात. अशा प्रतींवरून घेतलेली जुनी गाणी ऐकून गायकाच्या पट्टीविषयी वा आवाजाच्या जातीविषयी अनुमान काढणे धोक्याचे असते. ज्या गायक-नटांचा आवाज केवळ ध्वनिमुद्रणातूनच माहीत होऊ शकतो, त्यांच्याबाबत वेगाची चूक म्हणजे आवाजाच्या ओळखीचीच चूक होय. म्हणून ध्वनीची प्रत करताना ती कोणत्या वेगाने व कोणत्या पुराव्यावरून केली, याची नोंद प्रतीबरोबरच ठेवणे आवश्यक असते.